ब्याऐंशी

चैत्रात यवतेश्वरच्या तिसऱ्या वळणावर
ओम्नीनं वाफ सोडली
तेव्हा मागे एकोणीस क्रेट पाव होते
आणि कास रस्त्यावरची अर्धी हॉटेलं
चहा टाकून वाट बघत होती.

गोडोलीच्या पोपट फडतऱ्यानं
सीट उचलून कोपरापर्यंत हात घातला
आणि पितळेचं एक चिमूटभर काहीतरी
माझ्या तळव्यावर ठेवलं.
"थर्मोस्टॅट. ह्येच पाणी अडवतंय.
आपल्याकडं कशाला लागतंय वैनी?
थंड मुलखातली थेरं ही."
जाता जाता पंख्याची सुटलेली वायर जोडली,
तिचे पैसे नाही घेतले.

काटा पुन्हा चढला नाही.
वैशाखातसुद्धा नाही.
मी खूश होऊन त्याला बटरचं पाकीट दिलं.

मग मार्गशीर्ष.
पहाटे चारला भट्टीपाशी क्रेट भरायचे,
पाव असे की बोटं पोळावीत.
आणि ओम्नीत इंजिन असतं सीटखालीच,
दर हिवाळ्यात तेवढी एक शेकोटी मला फुकट मिळायची,
ती यंदा पठार आलं तरी
चूल न पेटलेल्या घरासारखी.
चोक ओढून धरला तर चालायची,
सोडला की खोकायची.
चौदाचं ॲव्हरेज अकरावर आलं.
कच्च्या पेट्रोलचा वास स्वेटरात बसला;
एक हॉटेलवाला पाव हुंगून म्हणाला,
"भट्टीत रॉकेल टाकता काय?"

एका सकाळी ऑइलचं झाकण फिरवलं
तर आत लोणी.
ताकावर धरतं तसं,
पांढरट, फसफसलेलं.

दस्तगीरचाचा मुलाणींनी
प्लग काढून काजळ पुसलं,
ऑइल दोन बोटांत चोळून नाकाशी नेलं.
"तापून मरणारं इंजिन सगळ्यांस्नी दिसतंय.
वाफ येती, गर्दी जमती.
गारठून मरणारं कुणाला दिसत न्हाय, पोरी.
आतली वाफ उडून जाईना, पाणी हून ऑइलात बसलं.
न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुतंय.
पिस्टन घासतोय, पर बोलत न्हाय.
काढलेला पार्ट कुठाय?"

डॅशबोर्डच्या खणात होता,
टोलच्या पावत्या, लिमलेटचे कागद
आणि एका तुटक्या बांगडीच्या संगतीला.

चाचांनी तो दोऱ्याला बांधून
शेजारी केराबाईच्या टपरीवर
पातेल्यात सोडला.
"माझं भांडं खराब करताय," केराबाई म्हणाली,
आणि स्वतःच स्टोव्ह वाढवला.

पाणी गुणगुणायला लागलं. काही नाही.
तळाला बारीक बुडबुडे धरले. काही नाही.
मी म्हणाले, मेलंय ते.
"थांब," चाचा म्हणाले,
"पोटात मेण असतंय त्याच्या.
ब्याऐंशी डिग्री झाल्याबिगर
ते कुणाचं ऐकत न्हाय."

आणि झोपेतल्या माणसानं
पापणी उचलावी तेवढी
झडप हलली.
मग उघडली.
बाहेर काढलं, गार झालं, मिटली.
चाचांनी तीनदा केलं.
तिन्ही वेळा बुडबुड्यांच्या त्याच आवाजाला
तिनं दार उघडलं.

तेव्हा मला
आठ महिन्यांनी
ती वायर आठवली,
जिचे पैसे घेतले नव्हते.

अडवतंय म्हणून काढलं होतं.
अडवत होतं, खरंच.
पाणी तापेस्तोवर.

कुणी काही बोललं नाही.
केराबाईनं ते पाणी ओतून दिलं,
दुसरं चढवलं, चहा केला.
नवं पॅकिंग घालून चाचांनी जुनंच बसवलं.
"रिंगा झिजल्यात थोड्या," हात पुसत म्हणाले,
"ते काय आता भरून येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे
घाट लागायच्या आतच
मांड्यांखाली ऊब आली.
काटा उठला,
मध्यावर आला,
थांबला.

चढावर आरशात बघितलं तर
मागे निळसर धूर.
अजून येतो.
तो तेवढा माझ्या खात्यावर.